धरणाखालच्या गावाने तपासणी अहवाल कसा मिळवावा, कसा वाचावा आणि दुरुस्तीचा पाठपुरावा कसा करावा

महाराष्ट्रात दोन हजारांहून अधिक मोठी धरणे आहेत आणि देशातल्या दुसऱ्या कोणत्याही राज्यात एवढी नाहीत. त्यांतली बहुसंख्य मातीची आहेत. या धरणांची वर्षातून दोनदा तपासणी व्हावी असा नियम आहे, ती करणारे अभियंते आहेत आणि अहवालांवर देखरेख ठेवणारी धरण सुरक्षितता संघटना नाशिकला आहे. तरीही २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि भेंदवाडीतली वीसहून अधिक माणसे वाहून गेली. धरणाला गळती आहे असे ग्रामस्थ त्याआधीच सांगत होते. दुर्घटनेनंतर तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचे विधान केले. खेकडे मातीच्या भरावात बिळे करतात हे खोटे नाही, पण बिळे शोधून ती बुजवणे हे तपासणीच्या ठरलेल्या कामातच मोडते, त्यामुळे खेकड्यांचे नाव घेतल्याने कोणाची जबाबदारी कमी होत नाही.

अशा घटनांनंतर ‘तपासणी झाली होती का’ असा प्रश्न हमखास विचारला जातो. पुष्कळदा ती झालेली असते, दोष लिहिलेलाही असतो, आणि त्या नोंदीचे पुढे काय झाले हे मात्र कोणी विचारलेले नसते. धरणाखाली राहणाऱ्या ग्रामस्थांनी, ग्रामपंचायत सदस्यांनी आणि पाणीवापर संस्थांनी नेमके हेच विचारावे आणि ते कागदोपत्री कसे विचारावे, हे पुढे सविस्तर दिले आहे.

धरण कोणाचे, हे आधी ठरवा

चुकीच्या कार्यालयाला लिहिलेले पत्र महिनोन्‌महिने फिरत राहते, म्हणून पहिले काम मालक शोधण्याचे आहे. साधारणपणे ६०० हेक्टरपेक्षा जास्त सिंचन क्षमतेचे प्रकल्प जलसंपदा विभागाकडे आणि त्याच्या खोरेनिहाय महामंडळांकडे असतात. त्याखालचे मृद व जलसंधारण विभागाकडे असतात आणि १०० हेक्टरपर्यंतचे तलाव व बंधारे जिल्हा परिषदेकडे असतात. मुंबईला पाणी देणारी तानसा, मोडकसागर यांसारखी धरणे महानगरपालिकेची आहेत, तर मुळशी, वळवण, शिरवटा ही टाटांच्या वीज कंपनीची आहेत. तलाठ्याकडे किंवा ग्रामसेवकाकडे चौकशी केल्यास उपविभागाचे नाव कळते, आणि धरणावर चौकीदार असेल तर तो कोणत्या उपविभागीय अभियंत्याला कळवतो हे विचारले की काम झाले.

गोव्यातील वाचकांसाठी येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. तिलारी धरण दोडामार्ग तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात आहे, परंतु त्याच्या खालची नदी पुढे गोव्यात शिरते. तेथील ग्रामस्थांना पणजीला अर्ज करून भागणार नाही. माहितीचा अधिकार मात्र कोणत्याही भारतीय नागरिकाला असल्यामुळे गोव्यातून महाराष्ट्रातील कार्यालयाकडे अर्ज करता येतो.

कायदा काय सांगतो

धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. तो ‘विनिर्दिष्ट’ धरणांना लागू होतो. १५ मीटरपेक्षा उंच असलेले प्रत्येक धरण त्यात येते. १० ते १५ मीटर उंचीचे धरण काही अटींपैकी एखादी पूर्ण करत असेल तर येते, उदाहरणार्थ माथ्याची लांबी किमान ५०० मीटर, साठा किमान दहा लाख घनमीटर किंवा पायात विशेष अडचणी. यापेक्षा लहान पाझर तलाव आणि गावतलाव या कायद्याबाहेर राहतात. त्यांची जबाबदारी मालक विभागावर असतेच, पण कायद्यातली कलमे दाखवून तेथे धाक घालता येत नाही.

या कायद्याने मालकावर टाकलेल्या जबाबदाऱ्यांपैकी आपल्या उपयोगाच्या चार आहेत. मालकाने धरणासाठी सुरक्षा कक्ष ठेवायचा आहे आणि त्याच्यामार्फत दरवर्षी मान्सूनपूर्व व मान्सूनोत्तर तपासणी करायची आहे. भूकंप, पूर किंवा धरणात काही विपरीत दिसल्यास स्वतंत्र तपासणी करायची आहे. आपत्कालीन कृती आराखडा तयार करायचा आहे. आणि स्वतंत्र तज्ज्ञांच्या पथकाकडून धरणाचे सर्वंकष सुरक्षा मूल्यमापन करून घ्यायचे आहे. जुन्या धरणांसाठी शेवटच्या दोन्ही गोष्टींना कायदा लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत आहे, म्हणजे ती ३० डिसेंबर २०२६ ला संपते. कायद्यानुसार दिलेले निर्देश न पाळल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि त्यामुळे जीवितहानी झाली किंवा तसा धोका उद्भवला तर कैद दोन वर्षांपर्यंत जाते.

व्यवस्थेची उतरंड अशी आहे: धोरण ठरवणारी राष्ट्रीय समिती, अंमलबजावणी पाहणारे राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरण, राज्यात राज्य समिती आणि राज्य धरण सुरक्षा संघटना, म्हणजे आपल्याकडे वर उल्लेखलेली नाशिकची संघटना. यातली एक उणीव जाणून असावी. राज्याची सुरक्षा संघटना आणि बहुतेक मोठ्या धरणांचा मालक हे दोघेही एकाच जलसंपदा विभागाचे आहेत. परीक्षक घरचाच असल्यामुळे शेरे लिहिले जातात, पण त्यांची अंमलबजावणी न झाल्यास जाब विचारण्यात कच खाल्ली जाते, असे माझे मत आहे. बाहेरून येणाऱ्या लेखी प्रश्नाला म्हणूनच महत्त्व आहे.

कागद कसे मागवावेत

माहिती अधिकाराचा अर्ज संबंधित कार्यकारी अभियंत्याच्या कार्यालयातील जन माहिती अधिकाऱ्याकडे करावा. शुल्क १० रुपये असून अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लावला तरी चालतो. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि सर्वसाधारणपणे १५० शब्दांच्या आतला असावा लागतो, आणि मोघम, लांबलचक अर्ज याच कारणाने परत येतात. मजकूर असा ठेवता येईल: ‘मौजे अमुक, तालुका अमुक येथील अमुक लघु पाटबंधारे तलावाच्या मागील तीन वर्षांतील मान्सूनपूर्व व मान्सूनोत्तर तपासणी अहवालांच्या प्रती, त्या अहवालांत नमूद दोषांवर केलेल्या कार्यवाहीचा तपशील, आणि याच काळात धरण सुरक्षितता संघटनेने या धरणाबाबत पाठवलेल्या पत्रांच्या प्रती मिळाव्यात.’

तीन वर्षांचे अहवाल मागण्यामागे कारण आहे. एका वर्षाचा अहवाल वाचून फारसे काही हाती लागत नाही. तीन वर्षांचे सहा अहवाल शेजारी ठेवले की तोच शेरा त्याच शब्दांत कितीदा आला आहे ते डोळ्यांना दिसते.

उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. माहिती व्यक्तीच्या जीविताशी संबंधित असल्यास ४८ तासांत द्यावी, अशीही तरतूद आहे, परंतु ती गढूळ गळती किंवा भेग प्रत्यक्ष दिसत असतानाच वापरावी, एरवी अर्ज वादात अडकतो. उत्तर आले नाही किंवा नाकारले गेले तर ३० दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करावे. धरण खासगी कंपनीचे असल्यास कंपनीकडे अर्ज करता येत नाही, मात्र तिने सादर केलेले अहवाल राज्य धरण सुरक्षा संघटनेकडे असतात आणि ते तेथून मागवता येतात.

माहिती अधिकार कायद्यातल्या ‘माहितीचा अधिकार’ या संज्ञेत कामाची पाहणी करण्याचा अधिकारही येतो, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. दुरुस्ती झाल्याचे कागदावर लिहिले असेल तर ते काम आणि त्याची मोजमाप पुस्तिका प्रत्यक्ष पाहण्यासाठी वेगळा अर्ज करता येतो.

अहवाल वाचताना

सर्वांत आधी तपासणीची तारीख आणि त्या दिवशीची पाणीपातळी पाहावी. मे महिन्यात तलाव तळाला गेलेला असताना केलेल्या तपासणीत ‘गळती आढळून आली नाही’ असे लिहिले असेल तर त्या वाक्याला काही अर्थ नाही, कारण गळायला पाणीच नव्हते. मान्सूनपूर्व तपासणीत पाण्याकडची बाजू, तिच्यावरील दगडी पिचिंग (अस्तर), विमोचकाची, म्हणजे धरणातून पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीची, विहीर आणि दरवाजे पाहायचे असतात, कारण एरवी ते पाण्याखाली असतात. गळती, पाझर आणि भरावाचा ओलेपणा मान्सूनोत्तर तपासणीत, पाणी पूर्ण संचय पातळीच्या जवळपास असताना दिसतो. ती तपासणी ऑक्टोबर-नोव्हेंबरऐवजी फेब्रुवारीत झालेली असेल तर तेवढा एकच मुद्दा पत्रात लिहिण्यासारखा आहे.

दुसरी गोष्ट धरणाच्या श्रेणीची. दोषांच्या गांभीर्यानुसार धरणांचे तीन वर्ग केले जातात. पहिल्या श्रेणीतले दोष धरण फुटण्यास कारण ठरू शकतात, दुसऱ्या श्रेणीतले दोष मोठे आणि तातडीने दुरुस्त करण्याजोगे असतात, आणि तिसऱ्या श्रेणीतल्या किरकोळ दुरुस्त्या वर्षाच्या आत उरकता येतात. आपले धरण सलग तीन वर्षे दुसऱ्या श्रेणीत असेल तर ‘तातडीने’ या शब्दाचा अर्थ लेखी विचारावा.

तिसरी गोष्ट भाषेची. ‘झाडेझुडपे काढणे आवश्यक’, ‘पिचिंग काही ठिकाणी ढासळलेले’, ‘निचरा चर गाळाने भरलेला’ ही वाक्ये किरकोळ वाटतात आणि निधी नाही म्हणून मागे पडतात. भरावावरची झाडे वाढली की मुळे आत शिरतात, आणि झाड वाळल्यावर त्या कुजलेल्या मुळांच्या जागी पाण्याला वाट मिळते. निचरा चर भरला की भरावातले पाणी बाहेर पडायला जागा राहत नाही आणि उतार आतून ओला होऊन घसरू शकतो. झाडी वाढलेल्या उतारावर गळती असली तरी दिसत नाही, हा आणखी एक तोटा. अशा शेऱ्यांना ‘किरकोळ’ म्हणून बाजूला ठेवू नये.

चौथी गोष्ट रिकाम्या रकान्यांची. मातीच्या धरणाच्या पायथ्याशी गळतीचे पाणी मोजण्यासाठी इंग्रजी व्ही आकाराची खाच बसवलेली असते. तिच्यावरून वाहणाऱ्या पाण्याच्या उंचीवरून गळती किती ते निघते. हा आकडा पाणीपातळीबरोबर वाढला आणि तिच्याबरोबरच उतरला तर फारशी काळजी नसते. पातळी तीच असताना गळती दरवर्षी वाढत असेल तर मात्र काहीतरी बिघडते आहे. या रकान्यात ‘निरंक’ लिहिले असेल तर गळती नाही की खाच मोडल्यामुळे मोजणी नाही, हे विचारलेच पाहिजे.

स्वतः काय पाहावे

अभियंता वर्षातून दोनदा येतो, पण गुराखी आणि शेतकरी रोज धरणावरून जातात. भराव खणू नये, दरवाजांना हात लावू नये आणि पूर असताना धरणावर जाऊ नये. एवढे पाळून ऑक्टोबरमध्ये, तलाव भरलेला असताना, खालच्या बाजूने पायथ्याच्या कडेकडेने एक फेरी मारावी.

मातीचे धरण थोडेफार पाझरतेच, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पाणी स्वच्छ आहे की गढूळ, हे महत्त्वाचे. गढूळ पाण्याबरोबर भरावाची माती बाहेर येत असते, म्हणजे आत पोकळी तयार होत असते, ती पाण्याकडच्या बाजूला सरकत जाते आणि एकदा ती तिथवर पोचली की काही तासांत धरण जाऊ शकते. पाहण्याची पद्धत सोपी आहे. पारदर्शक बाटलीत गळतीचे पाणी भरावे, बाटलीवर तारीख, जागा आणि त्या दिवशीची पाणीपातळी लिहावी, रात्रभर ती न हलवता ठेवावी आणि सकाळी तळाशी बसलेल्या गाळाचा फोटो काढावा. महिन्यातून एकदा त्याच जागेचे पाणी असे ठेवले तर गाळ वाढतो आहे का ते समजते, आणि कार्यालयात ‘तुमचा समज झाला असेल’ असे उत्तर मिळण्याची सोय राहत नाही. पायथ्याच्या पुढे सपाट जमिनीत पाण्याची उकळी फुटल्यासारखी दिसणे आणि तिच्याभोवती बारीक वाळूचे कडे तयार होणे हे त्याहून गंभीर लक्षण आहे आणि ते दिसल्याबरोबर, त्याच दिवशी कळवावे.

माथ्यावरून चालताना भेगांची दिशा पाहावी. धरणाच्या लांबीला समांतर भेग उतार घसरत असल्याचे सुचवते, तर आडवी, म्हणजे पाण्याकडून खालच्या बाजूला जाणारी भेग पाण्याला सरळ रस्ता देते. माथा कुठे खोलगट झाला आहे का हे एका टोकाला उभे राहून कठड्याच्या रेषेवरून नजर टाकली की कळते. विमोचकाच्या वरचा भाग विशेष निरखावा, कारण भरावाखालून जाणारी ही नळी मातीच्या धरणातली सर्वांत नाजूक जागा असते. पानशेतला १२ जुलै १९६१ रोजी हेच घडले. काम पूर्ण होण्याआधीच पावसाळ्यात पाणी साठले, विमोचकाचे बांधकाम अपुरे होते, त्याच्या वरचा भराव खचू लागला आणि लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचूनही तो सावरला नाही. पानशेतच्या लोंढ्याने त्याच दिवशी खालचे खडकवासला धरणही गेले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. म्हणून आपल्या धरणाच्या वर दुसरे धरण असेल तर त्याचेही अहवाल मागवावेत.

सांडवा मोकळा असला पाहिजे. त्यावर पोती किंवा फळ्या लावून थोडे जास्त पाणी अडवण्याचा मोह कधीकधी गावकऱ्यांनाच होतो. मातीचे धरण माथ्यावरून पाणी गेले तर टिकत नाही आणि ते होऊ नये म्हणूनच सांडवा असतो, हे अशा वेळी गावात स्पष्ट सांगावे.

दरवाजे असलेल्या धरणांसाठी आणखी एक प्रश्न आहे: पावसाळ्यापूर्वी प्रत्येक दरवाजा पूर्ण उघडून पाहिला का, आणि वीज गेल्यास जनित्र चालते का? आंध्र प्रदेशातील अन्नमय्या प्रकल्पाचे मातीचे धरण नोव्हेंबर २०२१ मध्ये पुराचे पाणी माथ्यावरून जाऊन फुटले तेव्हा त्याचा एक दरवाजा नादुरुस्त होता. ऑगस्ट २०२४ मध्ये तुंगभद्रा धरणाच्या १९ क्रमांकाच्या दरवाजाची साखळी तुटून तो वाहून गेला, सुदैवाने धरण शाबूत राहिले.

भूकंपानंतर काय करावे हे कोयनेच्या परिसरातील लोकांना सांगण्याची गरज नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणाच्या काँक्रीटला तडे गेले होते आणि नंतर ते मजबूत करावे लागले. जाणवण्याइतका धक्का बसल्यावर आठवडाभराने त्या तपासणीचा अहवाल मागावा.

तक्रार कशी लिहावी

‘धरण धोकादायक आहे, तातडीने लक्ष घालावे’ अशा पत्राला ‘पाहणी केली असता धरण सुरक्षित असल्याचे आढळून आले’ असे उत्तर येते आणि विषय संपतो. त्याऐवजी पत्रात जागा (म्हणजे साखळी क्रमांक, धरणाच्या एका टोकापासून मोजलेले अंतर), तारीख, पातळी आणि जुना शेरा यांचा उल्लेख असावा, म्हणजे उदाहरणार्थ: ‘साखळी क्रमांक १८० मीटरजवळ खालच्या उतारावर दिनांक अमुक रोजी गढूळ गळती आढळली, फोटो सोबत जोडले आहेत. याच ठिकाणच्या गळतीची नोंद मागील दोन मान्सूनोत्तर अहवालांत आहे. त्यावर कोणती कार्यवाही झाली, अंदाजपत्रक मंजूर झाले का, आणि काम पुढील पावसाळ्यापूर्वी पूर्ण होईल का, हे लेखी कळवावे.’

पत्र ग्रामसभेच्या ठरावासह द्यावे, कारण एकट्यादुकट्याचे पत्र दप्तरी दाखल होऊन राहते, तर ठरावाला उत्तर द्यावे लागते. मूळ प्रत कार्यकारी अभियंत्याला, आणि प्रती अधीक्षक अभियंता, नाशिकची संघटना व जिल्हाधिकारी यांना पाठवाव्यात. जिल्हाधिकारी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, त्यामुळे त्यांना कळवल्यावर विषय केवळ पाटबंधारे खात्याचा राहत नाही. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घ्यावी. गढूळ गळती, उकळी किंवा खचलेला माथा पावसाळ्यात दिसला तर पत्राची वाट पाहू नये, जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर आणि चौकीदाराला लगेच कळवावे व नदीकाठची घरे रिकामी करावीत.

आराखडा आणि नकाशा

आपत्कालीन कृती आराखड्यात धरण फुटल्यास पाणी कुठवर आणि किती वेळात येईल याचा नकाशा असतो. येथे एक गैरसमज वारंवार आढळतो. गावाच्या विकास आराखड्यात किंवा नदीकाठी दिसणाऱ्या निळ्या आणि लाल पूररेषा अनुक्रमे २५ आणि १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराच्या आहेत. धरण फुटल्यावर येणारे पाणी लाल रेषेच्याही पलीकडे जाऊ शकते, म्हणून ‘आमचे घर लाल रेषेबाहेर आहे’ यावर विसंबू नये.

आराखड्याचा काही भाग सुरक्षेच्या कारणाने नाकारला जाऊ शकतो. तशा वेळी नाकारता न येणारा भाग वेगळा करून देण्याची मागणी करावी: आपल्या वाडीपर्यंत पाणी पोचायला लागणारा वेळ, स्थलांतराची ठरलेली जागा, आणि इशारा कोण, कोणाला, कशाने देणार. भोंगा असेल तर तो वाडीवर ऐकू येतो का, हे एकदा वाजवून पाहायला सांगावे. रात्री दोन वाजता, वीज गेलेली आणि मोबाइलला रेंज नसताना इशारा कसा पोचेल, याचे उत्तर आराखड्यात असलेच पाहिजे. बहुतेक गावांत ते अखेर दवंडी देणाऱ्यापाशी किंवा देवळाच्या ध्वनिक्षेपकापाशी येऊन थांबते, आणि तसे असेल तर त्या माणसाचे नाव आणि त्याच्या गैरहजेरीत काम करणाऱ्याचे नाव आराखड्यात लिहून घ्यावे.

सर्वंकष सुरक्षा मूल्यमापनाची मुदत ३० डिसेंबर २०२६ ला संपत असल्यामुळे आपल्या धरणासाठी तज्ज्ञांचे पथक नेमले आहे का, त्याने पाहणी कधी केली आणि पुराच्या पाण्याचा अंदाज नव्या पर्जन्यमानाच्या आधारे पुन्हा काढला का, हे तीन प्रश्न वेगळ्या अर्जात विचारावेत. यातला तिसरा प्रश्न जुन्या धरणांसाठी कळीचा आहे, कारण पन्नास वर्षांपूर्वी बांधलेल्या धरणाचा सांडवा त्या काळी उपलब्ध असलेल्या पावसाच्या नोंदींवर बेतलेला असतो. मुदत उलटूनही मूल्यमापन झाले नसेल तर अर्जाच्या उत्तराची प्रत जोडून राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाला लिहावे आणि त्या पत्राची प्रत राज्य संघटनेलाही द्यावी.